साताऱ्याच्या दिवाणी कोर्टातून लंडनच्या लॉ फर्ममध्ये: सॉलिसिटर होण्याचा माझा अनुभव

परदेशातल्या मोठ्या बिझनेस लॉ फर्ममध्ये काम करायचं तर ऑक्सफर्ड-केंब्रिजची पदवी, निदान तिकडचं एलएलएम, म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी, तरी हवंच, असं धरून चालल्यामुळे आपल्याकडची कितीतरी हुशार मुलं या वाटेला फिरकतच नाहीत. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजमधून पाच वर्षांचा अभ्यासक्रम, मग साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ दिवाणी वकिलांकडे ज्युनिअरशिप, त्यानंतर मुंबईत कंपन्यांचे करारमदार करणाऱ्या फर्ममध्ये काही वर्षं, आणि तिथून लंडन. आज मी इंग्लंड आणि वेल्सची सॉलिसिटर आहे आणि कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचं काम करते. हा सगळा प्रवास मराठीत कुणी नीट लिहिलेला मला तेव्हा सापडला नव्हता, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आपल्या मनात विलायतेचा वकील म्हणजे बॅरिस्टर. बाबासाहेब ग्रेज इन या लंडनमधल्या बॅरिस्टरांच्या संस्थेतून १९२२ साली बॅरिस्टर झाले. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींना १९२३ मध्ये लिंकन्स इन या तशाच संस्थेने सनद दिली. पण आंतरराष्ट्रीय लॉ फर्ममध्ये बसतात ते बहुतेक सॉलिसिटर. बॅरिस्टर प्रामुख्याने कोर्टात युक्तिवाद करतात आणि चेंबर्समधून, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयांतून, स्वतंत्र काम करतात; अशिलाचं रोजचं काम, करार, वाटाघाटी, कागदपत्रं हे सॉलिसिटरचं. मुंबई उच्च न्यायालयातही ही विभागणी १९७६ च्या अखेरीपर्यंत होती. आता भारतात कायद्याच्या नजरेत सगळे अॅडव्होकेटच.

१ सप्टेंबर २०२१ पासून इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) नावाची सामायिक परीक्षा सुरू झाली. तिथल्या विद्यार्थ्यांना परीक्षेबरोबर दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. आधीच सनद असलेल्या परदेशी वकिलांना ही अट नाही. आपल्या दृष्टीने सगळ्यांत मोठा फायदा हाच. परीक्षा स्वस्त मात्र नाही. सुरुवातीला दोन्ही टप्प्यांची फी मिळून ३,९८० पौंड होती आणि नंतर ती वाढतच गेली. मी मुंबईतल्या पगारातून साठवले आणि उरलेले घरच्यांनी घातले. कर्ज काढून ही परीक्षा द्यावी असं मी कुणाला सांगणार नाही, कारण पास झालं तरी नोकरीची हमी नसते.

पहिल्या टप्प्यात दोन पेपर, प्रत्येकी १८० प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय आणि त्यातला सर्वांत योग्य एकच. पुस्तक जवळ ठेवता येत नाही. परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात संगणकावर होते, त्यामुळे मला ती मुंबईतच देता आली. विषय मात्र भरपूर: करार, अपकृत्य, कंपनी कायदा, दिवाणी आणि फौजदारी कामकाज, जमीन, ट्रस्ट, मृत्युपत्रं, घटनात्मक कायदा, शिवाय सॉलिसिटरने अशिलाचे पैसे कसे सांभाळायचे याचे हिशेब. व्यावसायिक नीतिमत्तेचा वेगळा पेपर नसतो. ते प्रश्न सगळ्या विषयांत पेरलेले असतात.

आपला कायदा इंग्लिश कायद्यातूनच आलाय, त्यामुळे अभ्यास सोपा जाईल, असं बरेच जण म्हणतात. मला उलटा अनुभव आला. जे सारखं दिसतं तिथेच गडबड होते. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात प्रतिफल, म्हणजे वचनाच्या बदल्यात दिलेला मोबदला, तिसऱ्या माणसाकडून आलं तरी चालतं. इंग्लंडमध्ये ते वचन घेणाऱ्यानेच दिलेलं असावं लागतं. जमिनीत तर फारच फरक. आपल्याकडे साठेखताने, म्हणजे नुसत्या विक्रीच्या कराराने, जमिनीत हक्क निर्माण होत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ मध्ये स्पष्ट लिहिलंय. इंग्लंडमध्ये करार झाला की खरेदीदाराचा एक प्रकारचा हक्क तयार होतो आणि तो नोंदवताही येतो. दोघांनी मिळून घर घेतलं तर कायद्याने ते दोघं त्या घराचे विश्वस्त ठरतात, लाभ कुणाचा हा निराळा प्रश्न. हे डोक्यात बसायला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

वारसा हक्काचंही तसंच. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष गेला तर आपल्याकडे आई वर्ग १ ची वारस, बायको-मुलांच्या बरोबरीने. इंग्लंडमध्ये पती किंवा पत्नी आणि मुलं असतील तर आईला काहीच मिळत नाही. जोडीदाराला आधी एक ठरावीक रक्कम, २६ जुलै २०२३ पासून ती ३,२२,००० पौंड आहे, आणि उरलेल्यातलं अर्धं. बाकीचं अर्धं मुलांना. साताऱ्यात वाटपाचे दावे पाहिलेल्या माणसाला हे पचवायला वेळ लागतो. मी एक वही केली होती: डाव्या पानावर आपला कायदा, उजव्या पानावर त्यांचा. परीक्षेच्या आधीचे शेवटचे आठवडे फक्त ती वही वाचली. क्लासच्या जाडजूड नोट्सपेक्षा तिचाच उपयोग झाला.

दुसरा टप्पा वेगळा. त्यात पाठांतराचं फारसं काम नाही, वकिली करून दाखवायची असते. बारा लेखी कामं आणि चार तोंडी. लेखी भाग केंद्रावर तीन अर्ध्या दिवसांत होतो, तोंडी भागासाठी मात्र तिकडे जावंच लागतं. सनद असलेल्या परदेशी वकिलाला दोन वर्षांचा वकिलीचा अनुभव असेल तर या टप्प्यातून सूट मागता येते. मी ती मागितली नाही. इंग्लंडमध्ये एक दिवसही काम न केलेल्या माणसाने तिथल्या फर्मसमोर उभं राहायचं तर पूर्ण परीक्षा दिलेली असावी, असं मला वाटलं आणि आजही माझं मत तेच आहे.

तोंडी कामांत दोन युक्तिवाद आणि अशिलाच्या दोन मुलाखती. युक्तिवादाच्या तयारीला ४५ मिनिटं आणि बोलायला १५. मुलाखतीला आधी १० मिनिटं कागद वाचायला, मग २५ मिनिटं समोर 'अशील', आणि लगेच पुढच्या २५ मिनिटांत हाताने टिपण लिहायचं. अशिलाच्या भूमिकेत प्रशिक्षित व्यक्ती असते, आणि मुलाखतीचे गुण तीच देते. कायद्याचे गुण तिच्या हातात नसतात. तुम्ही तिचं ऐकून घेतलं का, तिला समजेल असं बोललात का, तिला तुमच्यावर विश्वास ठेवावासा वाटला का, एवढंच ती पाहते.

इथे साताऱ्याची वर्षं कामी आली. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगायचे नसतात, म्हणून ते लिहीत नाही. पण पद्धत सांगते. आमचे सर नव्या अशिलासमोर पहिली काही मिनिटं कागदाला हात लावत नसत. "बोला, काय झालं?" एवढंच विचारायचे. माणूस भावाच्या लग्नापासून सुरुवात करायचा, विहिरीच्या पाळीवर यायचा, मध्येच दहा वर्षं मागे जायचा. सर थांबवत नसत. शेवटी विचारायचे, "अजून काही राहिलं का?" आणि बहुतेक वेळा दाव्याचा खरा मुद्दा या प्रश्नानंतर बाहेर यायचा: एखादी कच्ची पावती, पंचांसमोर झालेली समजूत, बहिणीने दिलेलं हक्कसोडपत्र. मी दोन्ही मुलाखतींत हेच केलं. सरावाच्या वर्गात माझ्याबरोबर मोठ्या फर्ममध्ये काम केलेले लोक होते. कायद्यात ते माझ्यापेक्षा पक्के होते, पण पहिल्याच मिनिटाला प्रश्नांची यादी काढून बसायचे. त्यांनी अशील म्हणून जिवंत माणूस समोर बसलेला फारसा पाहिलाच नव्हता. त्यांचे अशील म्हणजे कंपन्यांचे विधी विभाग, आणि तेही ईमेलवर.

निकालानंतरची कागदपत्रं कंटाळवाणी पण सरळ. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला, सनदेची प्रत, ओळख पटवणं, चारित्र्याची तपासणी. बार कौन्सिलच्या दाखल्यासाठी लवकर अर्ज करा. आणि पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे भारतातली सनद चालू ठेवता येत नाही, ती स्थगित करावी लागते; दाखला त्याआधी घेतलेला बरा.

खरी कसोटी नोकरीची. अनुभवी वकिलाकडे फर्म 'डील शीट' मागतात, म्हणजे आजवर केलेल्या व्यवहारांची यादी, अशिलाचं नाव न फोडता. एका भरती सल्लागाराने माझी यादी वाचून सांगितलं, जिल्हा कोर्टाची वर्षं काढून टाका, त्याने तुमचं वजन कमी होतं. मला ते फार लागलं. ती वर्षं काढली तर उरते ती मुंबईच्या कितीतरी जणांसारखीच यादी. मी ती ठेवली, फक्त नीट लिहिली. 'दिवाणी दावे चालवले' असं मोघम न लिहिता कोणत्या प्रकारचे दावे, त्यात माझं काम काय, उलटतपास मी स्वतः घेतला का, हे मांडलं.

मुलाखतीत पार्टनरने नेमकं त्याच ओळींवर बोट ठेवलं. कोर्टातल्या कामाचा करार लिहिणाऱ्याला काय उपयोग, असा त्याचा प्रश्न होता, आणि तो खोचक नव्हता. मी त्याला एका दस्ताची गोष्ट सांगितली. व्यवहार खरा, सह्या खऱ्या, साक्षीदार हयात. पण मुद्रांक कमी. आपल्या मुद्रांक कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे असा दस्त शुल्क आणि दंड भरेपर्यंत पुराव्यात घेता येत नाही. अशील कोर्टात उभा, आणि त्याचा एकमेव कागद बाजूला ठेवलेला. असं एकदा डोळ्यांनी पाहिलं की करार लिहिताना प्रत्येक कलमाजवळ हात थांबतो: दहा वर्षांनी समोरचा वकील हे कसं वाचेल? त्यानंतर आमचं बोलणं बराच वेळ कलमांवरच चाललं.

रुजू झाल्यावर कळलं की माझी पार्श्वभूमी तिथे मुळीच वेगळी नव्हती. आमच्या टीममध्ये एक जर्मन सहकारी आहे. त्यांच्याकडे दोन राज्य परीक्षा, आणि मधली दोन वर्षं कोर्ट, सरकारी वकिलांचं कार्यालय, प्रशासन, लॉ फर्म अशी फिरती उमेदवारी. शेजारी बसणारी इंग्लिश सहकारी प्राचीन इतिहास शिकलेली. तिकडे कोणत्याही विषयातली पदवी घेऊन वर्षभराचा कायद्याचा रूपांतर अभ्यासक्रम करता येतो आणि मोठ्या फर्म अशा मुलांना मुद्दाम घेतात. दुसरा एक जण बारावीएवढं शिकून थेट फर्ममध्ये लागला. तिथे २०१६ पासून सॉलिसिटरची अॅप्रेंटिसशिप आहे, सहा वर्षं काम आणि अभ्यास बरोबरीने. नवे प्रशिक्षणार्थी दोन वर्षांत बहुधा चार विभाग फिरतात, प्रत्येकी सहा महिने. म्हणून एखाद्या बैठकीत कर, कामगार कायदा आणि लवाद यांची जाण एकाच माणसात सापडते. एकाच करारावर इतक्या वेगळ्या घडणीची माणसं बसतात, तेव्हा कुणाला काय खटकेल हे सांगता येत नाही, आणि करार पक्का होतो तो त्यामुळेच.

भारताशी संबंधित कामात आम्हाला मर्यादा आहे. परदेशी फर्मना भारतात वकिली करता येत नाही, मग ती कोर्टाबाहेरची का असेना, असं मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तात्पुरत्या भेटी आणि आंतरराष्ट्रीय लवाद यांना मर्यादित वाव दिला. भारतीय बार कौन्सिलने मार्च २०२३ मध्ये परदेशी फर्मच्या नोंदणीचे नियम केले, ते मे २०२५ मध्ये सुधारले. त्यामुळे भारतीय कायद्यावरचा सल्ला भारतातली फर्मच देते. पण आलेला सल्ला वाचून पुढचा प्रश्न विचारणारं कुणीतरी लंडनच्या बाजूलाही लागतं.

एका व्यवहारात, ओळख पटेल असं काही न लिहिता सांगते, पुणे जिल्ह्यात कारखाना असलेल्या कंपनीचे शेअर्स परदेशी अशील घेणार होता. जमिनीच्या अहवालात गट नंबर, क्षेत्र, मालक असा व्यवस्थित तक्ता होता आणि जोडपत्रात जुने सातबारे. मी ते सवयीने उघडले. एका गटाच्या जुन्या उताऱ्यावर, 'इतर हक्क' या रकान्यात, कुळ कायदा कलम ४३ च्या बंधनाची नोंद होती. म्हणजे ती जमीन कधीकाळी कुळाला मिळालेली, आणि ती विकायला त्या काळी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागायची. शेअर्स घेताना जमीन हस्तांतरित होत नाही हे खरं. पण कंपनीने ती शेतकऱ्याकडून घेतली तेव्हा परवानगी होती का, हा प्रश्न उरतोच. नसेल तर ते खरेदीखतच अडचणीत. पुण्याच्या वकिलांना विचारलं, त्यांनी तलाठ्याकडून फेरफार काढले, तहसीलमधून जुनी फाईल मागवली. परवानगीचा आदेश सादर होईपर्यंत व्यवहार पूर्ण करायचा नाही, अशी अट करारात घातली आणि त्या गटापुरती वेगळी नुकसानभरपाईची हमी घेतली. आदेश सापडला, व्यवहार झाला.

आता कुणी ज्युनिअर विचारतात, तयारी कुठून करू? पहिल्या दिवसापासून कामाची नोंद ठेवा. दाव्याचा प्रकार, वर्ष, कोर्ट, तुम्ही स्वतः काय केलंत: कैफियत लिहिली, साक्षीपुरावा नोंदवला, तडजोडीचा मसुदा केला. अशिलाचं नाव नको. मी ही नोंद ठेवली होती ती सरांच्या आग्रहामुळे, आणि माझी डील शीट त्यातूनच उभी राहिली. इंग्लिश कायद्याचं वाचन सुरू करायचं असेल तर जमीन आणि ट्रस्ट आधी घ्या. करार आणि कंपनी कायदा नंतरही जमतो.