गुंजीचे सदतीस किलो

पोळ्याला बैल सजवून झाले आणि माय म्हणाली, कालवडीलाही हळद-कुंकू लाव. लावायला गेलो तेव्हा हाताला बरगड्याच लागल्या. गुंजी आमच्या लाल कंधारी जातीच्या गाईची कालवड, तेव्हा सव्वा वर्षाची. रंग गुंजेसारखा म्हणून ते नाव. तिला नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत पशुप्रदर्शनाला न्यायचं मी उन्हाळ्यातच गावभर सांगून बसलो होतो. खंडोबाची ही यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला भरते, म्हणजे हातात जेमतेम चार महिने.

ती वासरू असताना गाईला कासदाह, म्हणजे कासेला सूज येणारा रोग, झाला होता. दोन सडं गेली, त्यामुळे हिला पोटभर दूध मिळालं नाही. अशक्तपणा त्यातूनच आला असेल असं मी धरून चाललो आणि खुराक वाढवला की काम होईल असं वाटलं. जो भेटेल तो सल्ला देत होता. कुणी कणकेचे गोळे सांगितले, कुणी गूळ-तेल, एकाने तर रोज चार अंडी. अंडी मायनं गोठ्यात येऊच दिली नाहीत. मी मक्याचा भरडा सुरू केला, आणि हावरटासारखा चौथ्याच दिवशी तीन किलो घातला. रात्रीतून पोट फुगलं, शेण पातळ आंबूस, रवंथ बंद. दोन दिवस तिनं गव्हाणीकडे पाहिलंही नाही.

दवाखान्यातले डॉक्टर आले. सोडा पाजला, इंजेक्शन दिलं आणि मग मला न बोलता तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून दाखवली. आतला भाग पांढुरका पडला होता. जबड्याखाली हात लावून म्हणाले, "इथं पाणी धरलंय, दिसलं नाही का?" नव्हतं दिसलं. म्हातारी लोकं त्याला नुसतं 'गळ' म्हणून सोडून देतात. "पावसाळ्यात कुठं चारता?" तळ्याच्या काठाला, दुसरीकडं गवत कुठं असतं? "तेच. शेण घेऊन या तपासायला."

सकाळचं ताजं शेण डबीत घालून नेलं. गोल जंतांची अंडी निघाली आणि पर्णकृमींची, म्हणजे पानासारख्या चपट्या जंतांचीही. हे पर्णकृमी तळ्याकाठच्या गोगलगायींतून गवतावर येतात आणि जनावराच्या यकृतात जाऊन बसतात. म्हणजे मी मका घालत होतो गुंजीला आणि जेवत होते दुसरेच.

औषध वजनावर द्यायचं असतं आणि गावात जनावराचा काटा नाही. डॉक्टरांनी टेपचं गणित शिकवलं. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलो येतात. घेर ४५, लांबी ४१ भरली, म्हणजे साधारण १२६ किलो. मी अंदाजानं पावणेदोनशे सांगत होतो! दोन्ही कृमींची औषधं वेगवेगळी दिली. तीन आठवड्यांनी पुन्हा शेण तपासून जंताच्या औषधाचा दुसरा डोस झाला. तळ्याकडं नेणं बंद.

गोचीड तर माझाच हलगर्जीपणा. अंगावर औषध मारत होतो, पण मादी अंडी घालायला खाली उतरते आणि भिंतीच्या भेगांत शिरते, हे डोक्यातच नव्हतं. दादांनी आणि मी सगळ्या भेगा सिमेंटनं बुजवल्या, फरशीच्या सांध्यांतही औषध मारलं.

महिन्यानं टेप लावला तर छाती अर्धाच इंच वाढलेली. दादा म्हणाले, "यात्रेला बैलच ने." पण केसांचा राठपणा गेला होता आणि पापणी गुलाबी दिसत होती, म्हणून मी नेट सोडला नाही.

खुराक डॉक्टरांनी लिहून दिला होता. दहा किलोत मका भरडा साडेतीन, शेंगदाणा पेंड तीन, गव्हाचा कोंडा दोन, तूर चुणी एक किलो दोनशे, खनिज मिश्रण दोनशे ग्रॅम, मीठ शंभर. सुरुवात अर्ध्या किलोपासून, तीन आठवड्यांत सव्वा किलोपर्यंत, तेही सकाळ-संध्याकाळ वाटून. सोबत सात किलो हिरवा चारा, थोडी लसूणघास आणि दीड किलो कडब्याची कुट्टी. कडबा अख्खा टाकला की ती पानं ओरबाडून धाटं पायाखाली घालायची. पाणी दिवसभर समोर. पुढं ऊसतोड सुरू झाली आणि फुकटचं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, दिसू लागलं. ते मी मूठभरच ठेवलं, कारण त्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं.

दिवाळीला टेपच्या गणितानं वजन १३९ किलोवर गेलं. तेव्हा पुन्हा हात शिवशिवले, पेंड वाढवावी वाटली. डॉक्टरांनी अडवलं. या वयात चरबी चढली तर ती कासेतही भरते आणि पुढं दुधाला मार बसतो. त्याऐवजी रोज पहाटे दोन किलोमीटर चालवणं, अंगाला खरारा करणं, आणि तोंडाला मोरखी (दोरीची मुसकी) घालून उभं राहायची सवय. यात्रेत भोंगे वाजतात म्हणून दुपारी तिला पिठाच्या गिरणीजवळ बांधायचो. गिरणीवाल्याला आधी राग आला, नंतर तोच तिला कोंडा टाकू लागला. त्याला ते बंद करायला लावणं हे सगळ्यात अवघड काम ठरलं.

यात्रेच्या आदल्या दिवशी घेर ५०, लांबी ४३. १६३ किलो, म्हणजे सदतीस किलोंची भर! टेम्पोत घरच्याच पाण्याचा ड्रम ठेवला, कारण परकं पाणी जनावर नाकारतं आणि एका दिवसात पोट खपाटीला जातं.

अदत, म्हणजे दुधाचे दात न पडलेल्या, कालवडींच्या गटात परीक्षकांनी दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला, "अंग चांगलं भरलंय" म्हणाले. मग वाकून पोटाखाली पाहिलं. बेंबीजवळ रुपयाएवढा पांढरा ठिपका. लाल कंधारी एकरंगी लाल हवी. नंबर गेला.

दादा परतताना टेम्पोत हसत होते. चार महिने तिचं पोट मोजलं, आणि पोटाखाली एकदाही वाकून पाहिलं नाही म्हणे. गुंजीला आता पक्के दोन दात आलेत. टेप महिन्यातून एकदा लावतो, तिला गाभण राहण्यासाठी भरवायची आहे म्हणून.