दारावर क्रॉस का? तुम्ही विचारलंत म्हणून

गणपतीला आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा चपला काढता काढता वर बघतो. आधी तोरण दिसतं, मग तोरणाच्या वरचा गवताचा क्रॉस. आरती होईपर्यंत कसाबसा दम धरतो आणि प्रसादाची वाटी हातात आली की विचारतो, "काय, धर्मबिर्म बदललात की काय?" हसतच विचारतात, पण विचारतात. तर एकदाच सांगते.

नाही बदलला. तो सेंट ब्रिजिडचा क्रॉस आहे. आयर्लंडमध्ये, त्यातही किल्डेअरमध्ये राहून तिचं नाव माहीत नाही असं कोणी सांगू नये. २०२३पासून फेब्रुवारीच्या सुरुवातीला जी सोमवारची सुट्टी मिळते ती तिचीच. सुट्टी घेताना धर्म कोणाला आठवत नाही. ३१ जानेवारीला पाणथळ शेतातलं लव्हाळं आणतात, तेही कापून नाही, उपटून. ते विणून दारावर लावतात, घराला आग लागू नये म्हणून.

पूर्वी माझं उत्तर ठरलेलं असायचं. "नीट बघा, स्वस्तिकासारखाच दिसतो की नाही?" दिसतोच. मधे चौकोन, त्यातून गरगरत निघालेले चार हात. विचारणारा खूश, मी मोकळी. आता ते उत्तर देववत नाही. स्वतःचं स्वस्तिक मी उंबरठ्याच्या आतल्या बाजूला काढते, पोस्टमनला दिसू नये म्हणून. आणि माझ्या दारावर तो क्रॉस काही स्वस्तिकासारखा दिसतो म्हणून आलेला नाही.

२०१९च्या जानेवारीत, २१ तारखेला, मुलगी झाली. बाळंतपणाला आई आली होती. ३१ला संध्याकाळी शेजारच्या आजी आल्या, कोट पावसानं ओला, हातात नुकताच विणलेला हिरवागार क्रॉस. ब्रिजिड ही सुइणींची आणि तान्ह्या बाळांची राखणदार, त्यामुळे या घरात तो हवाच, असं म्हणाल्या. स्वतःच स्टुलावर चढल्या. सत्तरी उलटलेली बाई. मी खालून नुसतं "सांभाळून, सांभाळून" करत होते.

दुसऱ्या दिवशी बारसं. सकाळी आईनं तो काढला. तिच्या लेखी क्रूस म्हणजे आमच्या गावाबाहेरची दफनभूमी, आणि घरात बारा दिवसांचं पोर. "लोक येणार आहेत," ती म्हणाली. मी बाळाला पाजत होते. काही बोलले नाही. आईवर चिडू नका. ती माझ्यासमोर काढत होती आणि मला हायसं वाटत होतं, कारण लोक येणार होते आणि ते लोक तुम्हीच होतात. गवतच आहे म्हणून तिनं तो ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यात टाकला. डब्यांची रंगसंगती तिनं आठवड्याभरात माझ्यापेक्षा चोख पाठ केली होती.

बारशाला आजींना बोलावलेलं होतंच. त्या आल्या, दारात थांबल्या, वर बघितलं. तिथे प्लास्टिकच्या आंब्याच्या पानांचं तोरण होतं. छान आहे म्हणाल्या. पाळण्याची दोरी ओढली, घुगऱ्या खाल्ल्या. निघताना कोट घालता घालता अगदी सहज म्हणाल्या, "जुना झाला ना, की आम्ही तो माळ्यावर ठेवतो. आई टाकू द्यायची नाही." बाहेरच्या वाटेवर डबा उभा होता. झाकण पुरतं लागलेलं नव्हतं.

तेव्हा मी सॉरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "थांबा, डब्यात लाडू देते."

पुढच्या वर्षी क्रॉस आला नाही. आजी भेटायच्या, मुलीचे गाल ओढायच्या, सगळं पहिल्यासारखं. एप्रिलमध्ये त्या गेल्या. अंत्यविधीला दहाच माणसांची परवानगी होती. आम्ही सगळी गल्ली रस्त्याच्या कडेला अंतर ठेवून उभी राहिलो आणि गाडी समोरून गेली.

त्यानंतर दरवर्षी मी विणते. वाकडा होतो. मुलगी शाळेतून शिकून आलीय, तिचा माझ्यापेक्षा बरा होतो. जुने सगळे माळ्यावर, मखराच्या खोक्याशेजारी. ही श्रद्धा आहे का? नाही. मग प्रायश्चित्त? तेही म्हणवत नाही. ज्यांची माफी मागायची त्यांना याचा काय उपयोग? कधी कधी वाटतं, तुम्ही विचारावं म्हणूनच लावते. मग तुम्ही विचारता आणि माझा संताप होतो.

या फेब्रुवारीत आईला व्हिडिओ कॉलवर नवा क्रॉस दाखवला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तो मी टाकलेला, त्यांना दिसला नव्हता ना गं?"

"नाही," म्हटलं. "तोवर कचऱ्याची गाडी येऊन गेली होती."