कोरड्या ओढ्यातला नमुना

आठवडा झाला तरी डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. एप्रिलचा शेवट, ताम्हिणीच्या बाजूचा ओढा, आणि नुसते तापलेले गोटे. नोव्हेंबरात इथंच तळातल्या किड्यांचा नमुना घ्यायला सर्बर, म्हणजे चौकटीला जोडलेली जाळी, लावला होता. 30 बाय 30 सेंटीमीटरची चौकट तळावर दाबून धरायची, जाळीचं तोंड प्रवाहाकडे, आणि चौकटीतला एकेक गोटा हाताने चोळून धुवायचा, मग खालची वाळू ढवळायची. चौकट नीट टेकली नाही की कडेने किडे निसटतात, आणि नमुने खालून वर घेत जायचं, नाहीतर आपणच ढवळलेलं पुढच्या जाळीत येतं. नवीन मुलांना हे दरवर्षी सांगते, तरी एकजण तरी वरून सुरुवात करतोच.

फॉर्मवर 'कोरडा, नमुना नाही' लिहून निघायची पद्धत आहे. पण वळणावरच्या वाळूत ओल दिसली म्हणून फावडं मागितलं. सोबतचे मामा म्हणाले, "मॅडम, पाणी जूनमध्ये येतंय, आता काय गाळताय?" कोपरभर खणल्यावर तळाला पाणी झिरपायला लागलं. मगने काढून, हळूहळू, दहा लिटर पाणी 63 मायक्रॉनच्या जाळीतून गाळलं, कारण आमची नेहमीची 500 ची जाळी असल्या बारक्या जिवांना धरतच नाही.

पांढऱ्या ट्रेमध्ये आधी नुसता गाळ. मग भिंगाखाली काहीतरी हललं. मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या किड्याचं पिल्लू, जेमतेम दोन मिलिमीटर, तीन शेपट्या, पोटाच्या कडेचे कल्ले भराभर हलतायत! शिवाय कोपेपॉड म्हणजे खेकडा-कोळंबीच्या कुळातले बारीक जीव, पाण्यातले कोळी, केसासारख्या अळ्या. मामा वाकून बघत राहिले, म्हणाले, "हे खालीच दडून बसतंय होय!"

ऑफिसात वरिष्ठांनी तो नमुना तक्त्यातून काढला. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, सर्बरमधल्या किड्यांचा आकडा 11 ने गुणला की चौरस मीटरचा होतो, खड्ड्यात पाणी किती लांबून आलं ते कसं मोजणार? पण म्हणून शून्य लिहायचं? चार वर्षं मी स्वतः या ओढ्यापुढे शून्य लिहिलंय, फावडं गाडीतच असायचं.

त्या नमुन्याची बाटली टेबलावर आहे, तो टिकवायचं अल्कोहोल बदललंय, लेबलवर 'कोरडा, 40 सेंमी खाली पाणी' एवढं लिहिलंय. पाऊस लागायच्या आधी त्याच वळणावर परत खणणार आहे, यावेळी तीन खड्डे, आणि मामांना आधीच सांगून ठेवलंय.