झोन तर आला, पण...

मी समुद्री बुरशीतून नवीन अँटिबायोटिक शोधते. काल सकाळी स्टॅफ (स्टॅफिलोकोकस बॅक्टेरिया) वाढवलेली प्लेट उघडली तर बुरशीचा अर्क लावलेल्या कागदी डिस्कभोवती एकदम स्वच्छ गोल झोन, म्हणजे बॅक्टेरिया न वाढलेली जागा. मोजला, 22 मिमी. डिस्कच मुळात 6 मिमीची, म्हणजे स्टॅफ पार लांबपर्यंत साफ. पूर्वी असं काही दिसलं की मी लॅबभर सांगत सुटायचे, आता गप्प बसते आणि आधी मास स्पेक (रेणूचं वजन मोजून तो कोणता ते ओळखायची चाचणी) करून घेते.

ही बुरशी आली समुद्रातल्या स्पंजमधून (तो प्राणी असतो, भांडी घासायचा नव्हे). तुकडा क्षणभर इथेनॉलमध्ये बुडवायचा म्हणजे वरचं मरतं, मग बारीक कापून समुद्राच्या पाण्यात केलेल्या अगारवर (बुरशी वाढवायच्या जेलीवर) ठेवायचा, बॅक्टेरिया माजू नयेत म्हणून त्यात अँटिबायोटिक, आणि मग नुसती वाट बघायची. पुढे महिनाभर ऑटोक्लेव्ह केलेल्या (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) भातावर वाढवली, अर्क काढायला इथाइल ॲसिटेट या द्रावकात भिजवली, तो द्राव रोटाव्हॅप या यंत्रावर आटवला. तळाशी राहिलं काय तर डांबरासारखं चिकट काहीतरी. एवढ्या उठाठेवीनंतर मास स्पेकमध्ये 327 वजनाचा पीक. ग्लायोटॉक्सिन, बुरशीचं जुनंच विष!! 1936 पासून माहिती असलेलं, वर आपल्या पेशींनाही मारणारं. बॅक्टेरिया मारायला काय, फिनाईलपण मारतं.

आमच्यातले लोक लेक्चरमध्ये हमखास ब्रोत्झू या इटालियन डॉक्टरची गोष्ट सांगतात. 1945, सार्डिनियातलं कालयारी, सांडपाणी समुद्राला मिळतं तिथून त्याने बुरशी उचलली आणि त्यातून पुढे सेफॅलोस्पोरिन हे अँटिबायोटिक आलं. पण ती बुरशी समुद्राची की गटाराची, हे कोणी विचारत नाही. जमिनीवरचे ॲस्परजिलस, पेनिसिलियमही वाहत समुद्रात जातातच की, आणि आम्ही त्यांना 'मरीन' म्हणून मोकळे होतो.

खरी गंमत पुढे आहे. बुरशीकडे जीन्स भरपूर असतात पण लॅबमध्ये एकटी ठेवली की बरेचसे झोपलेले, कारण भांडायला कोणी नाही. 2001 मध्ये एका समुद्री बुरशीसोबत समुद्रातलाच बॅक्टेरिया वाढवला तेव्हा तिने पेस्टालोन नावाचं अँटिबायोटिक बनवलं, एकटी असताना बनवत नव्हती. एमआरएसएवर (औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफवर) जबरदस्त आकडे आले, नंतर कृत्रिमरीत्या बनवून तपासलं तर तेवढा दम नव्हता म्हणे, पण आयडिया मला पटते.

म्हणून माझ्या दुसऱ्या एका बुरशीच्या फ्लास्कमध्ये मुद्दाम एक समुद्री बॅक्टेरिया सोडलाय. आज पाचवा दिवस, एकटीचा फ्लास्क अजून पांढुरका आहे आणि हा चहासारखा तपकिरी झालाय. मास स्पेकमध्ये नमुना सोमवारी सोडणार, तोवर झोनचं नाव काढणार नाही.