पोट भरलं हे ठरवतं कोण?

लग्नाच्या पंक्तीत ‘आता घासभरही नको’ म्हणून मसालेभाताला आडवा धरलेला हात जिलेबी आली की हळूच बाजूला होतो. जागा कुठून झाली? संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये याचा रीतसर छडा लावला. खाता खाता मन विटतं ते त्याच चवीला. बाकीच्या चवींची ओढ तशीच राहते. एकाच प्रकारच्या सँडविचऐवजी चार निरनिराळ्या सारणांची मिळाली, तेव्हा लोकांनी सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्ली. पास्त्याचा तर नुसता आकार बदलला तरी खाणं वाढलं. आपल्या वाढप्यांना हे कुणी शिकवायची गरज पडली नाही.

मला मात्र पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९९८चा प्रयोग जास्त चटका लावतो. मेंदूला इजा झाल्यामुळे आत्ताचं काही लक्षातच न राहणारे दोन रुग्ण होते. त्यांचं जेवण झालं, ताटं उचलली. दहा ते तीस मिनिटांनी पुन्हा जेवण समोर ठेवलं, तर ते जेवले. बहुतेकदा तिसऱ्यांदाही. पोट भरलेलं होतं, पण जेवल्याची आठवण नव्हती! पुढे बर्मिंगहॅमच्या सुझॅन हिग्ज यांनी धडधाकट माणसांवर उलटी बाजू तपासली. दुपारी काय जेवलात ते आठवायला लावलं, की नंतर समोरची बिस्किटं कमी खाल्ली गेली.

मोबाइलमध्ये डोळे घालून जेवणाऱ्या माझ्यासारख्याला संध्याकाळी चिवड्याचा डबा का सापडतो, हे त्यावरून कळतं. दुपारची भाजी विचारलीत तर सांगता येणार नाही, मोबाइलवरच्या क्रिकेट मॅचचा मात्र चेंडूनचेंडू सांगेन.

आई फोनवर दोन प्रश्न विचारते. ‘जेवलास का?’ हा सगळ्याच आया विचारतात. ‘काय जेवलास?’ हा दुसरा प्रश्न मला उगाच चौकशी वाटायचा. आता वाटतं, हिग्जबाईंचा प्रयोग आमच्याकडे फुकटात चालू आहे. शिवाय त्यात एक तपासणीही आहे. नैराश्याची शंका आली की डॉक्टरही भूक कमी झाली का, वाढली का, हे विचारतात. आईला ‘हो, खाल्लं काहीतरी’ एवढ्या उत्तरावरूनच कळतं, की स्वारीचं काहीतरी बिनसलंय. मग ती जेवणाचा विषय सोडते आणि ऑफिसचं विचारते.

हल्ली थापा पचत नाहीत. व्हिडिओ कॉल लावून म्हणते, ‘ताट दाखव.’