पोराची नडगी, आजोबांचा दम

हंगाम तोंडावर आला की आमच्या सिंडिकेटच्या, म्हणजे शर्यतीचे घोडे भागीत घेणाऱ्या मंडळींच्या, ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो: "कधी पळणार?" विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. घोड्याच्या शेपटीएवढा का होईना, हिस्सा घेतलाय. दर महिन्याला ट्रेनरचा, नालबंदाचा, डॉक्टरचा वाटा खात्यातून जातोय. मग विचारणारच की. पण या दिवसांत याहून निरुपयोगी प्रश्न नाही. मी विचारते ते असं: चंदी (दाण्याचा खुराक) संपवतोय का? पाय सकाळी थंड होते का? पळून आल्यावर श्वास किती वेळात खाली बसला? एवढं कळलं की तारीख नाही तरी महिना आपला आपल्याला काढता येतो.

यंदा आमचे तीन घोडे ट्रेनिंगमध्ये आहेत. रेसकार्डावरची त्यांची नावं भारदस्त आहेत, पण ग्रुपवर ती कोणी घेत नाही. आजोबा, चिडकी आणि पोर, बस्स.

आजोबा सात वर्षांचा, खच्ची केलेला, कुमाईत (तांबूस-तपकिरी) रंगाचा. सुट्टीवर कुरणात सोडला होता, तिथून आला तो पोट सुटूनच. अशा घोड्याला पहिले काही आठवडे चालवायचं आणि दुडकीवर न्यायचं, दुसरं काही नाही. त्या काळातले व्हिडिओ आमच्या मंडळींना भयंकर कंटाळवाणे वाटतात. एक घोडा रस्त्याच्या कडेनं टुकटुक जातोय, यात काय बघायचं? पण दमसास लवकर वाढतो, स्नायूही लवकर भरतात. टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) आणि हाडं मात्र आपल्या गतीनंच तयार होतात. घोडा पळायला तयार दिसतो आणि पाय अजून तयार नसतात, हा मधला काळ सगळ्यात धोक्याचा. ही टुकटुक त्यासाठी असते.

आता तो कँटर (मध्यम वेगाची दौड) ओलांडून वेगाच्या कामावर आलाय. आजोबाबद्दल नव्या सभासदांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: हा पहाटेच्या सरावात कधीच चमकत नाही. बरोबरच्या घोड्याच्या मानेशी राहतो, त्याच्यापुढे जायची तसदी घेत नाही. त्यामुळे "काम ठीकठाक झालं" असा निरोप आला की माझ्या लेखी सगळं व्यवस्थित आहे. उलट एखाद्या पहाटे हा सगळ्यांना मागे टाकून सुटला, तर मलाच काळजी वाटेल. पहाटेच्या कामावरून शर्यतीचा अंदाज बांधणाऱ्यांनी आधी प्रत्येक घोड्याचा स्वभाव ओळखावा, नाहीतर घड्याळ बाजूला ठेवावं.

त्याचे व्हिडिओ मी बघण्यापेक्षा ऐकते जास्त. कानात इअरफोन घालून. घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकानं. आणि चौखूर पळताना त्याचा श्वास टापांना बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास. त्यामुळे घोडा कॅमेऱ्याजवळून गेला की टापांच्या बरोबरीनं नाकपुड्यांची ठेक्यातली फुरफुर ऐकू येते. श्वास आत घेताना त्यात घरघर किंवा शिटीसारखा आवाज आला तर डॉक्टरला बोलवायचं. बहुतेक वेळा स्वरयंत्राची डावी बाजू नीट उघडत नसते, तिकडची नस दुबळी झालेली असते. आजोबांचा आवाज स्वच्छ आहे.

पूर्वी व्हिडिओ घेणारी मुलगी घोडा पुढे गेला की कॅमेरा बंद करायची. मी तिला विनंती केली, तो थांबून परत चालत येईपर्यंत चालू ठेव ना. बिचारी ठेवते. त्या शेवटच्या मिनिटांत खरी बातमी असते. उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं, पूर्ण वेगात ते २२० च्या वर जातं. शिवाय त्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो, पळायला लागलं की तो रक्तात येतो. म्हणजे वर चढायची सोय निसर्गानंच भरपूर केलेली आहे. तयारी कळते ती खाली उतरताना. हल्ली ट्रेनर छातीच्या पट्ट्याला सेन्सर लावून आलेख बघतात. मी आपली नाकपुड्या बघते. गेल्या व्हिडिओत परत वळेपर्यंत त्या मिटल्या होत्या. त्याच्या आधीच्यात आजोबा भात्यासारखे चालले होते.

चिडकीचं प्रकरण वेगळं. चार वर्षांची घोडी, अंगात वेग आहे, पण जरा काम वाढवलं की चंदी अर्धी तशीच. ट्रेनरांनी नाकातून दुर्बीण घालून पोट तपासलं, तर अल्सर. यात नवल नाही, ट्रेनिंगमधल्या बहुसंख्य घोड्यांना तो असतोच. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र पाझरत राहतं, कारण त्याचं शरीर दिवसभर चरण्यासाठी घडलंय. आपण त्याला ठरलेल्या वेळी दाण्याची चंदी देतो आणि रिकाम्या पोटी पळवतो. आता तिला औषध चालू आहे, रपेटीला निघण्यापूर्वी थोडा सुका चारा खायला देतात, आणि दुपारी कुरणात सोडतात. त्यात दिवस मोठे होऊ लागले की घोड्या माजावर येतात, त्या दिवसांत ही कोणालाच जवळ येऊ देत नाही. तिच्याविषयी एवढंच. घाई करून काही होणार नाही.

पोर मात्र सध्या माझं डोकं खातंय.

दोन वर्षांचा शिंगरूवजा घोडा, कपाळावर वेडावाकडा टिळा. कागदोपत्री दोन वर्षांचा, कारण उत्तर गोलार्धात शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात, दक्षिणेत १ ऑगस्टला. आमचा जन्मला मे महिन्यात. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्या सवंगड्यांपेक्षा तीन-चार महिन्यांनी लहान, आणि या वयात तो फरक मोठा असतो. त्याच्या गुडघ्यांचे एक्स-रे काढले होते. गुडघ्याच्या वरच्या हाडाचं वाढीचं टोक अजून पूर्ण मिटलेलं नव्हतं. तरी हलकं काम चालू ठेवायला हरकत नाही म्हणाले.

पागेवर मी गेले होते तो दिवस त्याच्या पहिल्या वेगाच्या कामानंतरचा. तीन फर्लांग, म्हणजे सहाशे मीटर, तेही दोघांच्या जोडीनं. तिथले मुख्य मोतद्दार त्याच्या ठाणात शिरले, आधी त्याच्या मानेवर हात ठेवून जरा वेळ नुसतेच उभे राहिले. मग खाली वाकून तळहात गुडघ्याखाली फिरवला, मागच्या बाजूनं टेंडनवर, मग पुढून नडगीवर. उजवा पाय झाला. डाव्या पायाचा खूर उचलून घेतला आणि अंगठ्यानं नडगीचं हाड वरून खाली दाबत आले. मध्यावर अंगठा आला आणि पोरानं पाय झटकन ओढून घेतला, कान मागे पाडले. मोतद्दारांनी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. "हात लावून बघा ताई," म्हणाले. मी बघितलं. शेजारच्या भागापेक्षा तिथे गरम लागत होतं, आणि बोटाखाली हाड किंचित फुगीर.

दोन वर्षांच्या घोड्यांत नडगी धरणं ही नेहमीची तक्रार. वेगात पळताना त्या लांब हाडावर पुढून प्रचंड ताण येतो, कोवळं हाड किंचित वाकतं, आणि शरीर तिथे घाईघाईनं नवं हाड रचायला लागतं. ती रचना ताणाच्या मागे पडली की सूज आणि दुखणं. जुना रिवाज असा की महिनोन्महिने लांब-लांब कँटर करून "पाय पक्के" करायचे आणि मग एकदम वेग. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डेव्हिड नुनामेकर यांच्या संशोधनानं त्याला धक्का दिला. हाड ज्या प्रकारचा ताण अनुभवतं त्याच प्रकारासाठी ते घडतं. संथ कँटरनं ते संथ कँटरसाठी तयार होतं. म्हणून वेगाचं काम लवकर सुरू करावं, पण अगदी छोट्या तुकड्यांत आणि नियमित.

हे ग्रुपवर लिहिलं तर दोन तट पडले. एक गट म्हणतो, कोवळ्या जनावराला पळवताच कशाला, तीन वर्षांचा होईपर्यंत कुरणात ठेवा. दुसरा म्हणतो, दोन वर्षांच्यांच्या सुरुवातीच्या शर्यती सोप्या असतात, त्या हातच्या जातील. मला दोन्ही पटत नाहीत. नुसतं चरत राहिल्यानं शर्यतीचं हाड तयार होत नाही. आणि एखादी ठरावीक शर्यत गाठायची म्हणून दुखऱ्या नडगीवर पळवणं म्हणजे हाडाला चीर पडायची वाट बघणं. ट्रेनरांनी वेग थांबवला आहे, रोज चालणं, पायांना थंड पाणी, आणि मग पुन्हा एका फर्लांगापासून. मला हे योग्य वाटलं.

अशा वेळी ग्रुपवर कोणीतरी हमखास फनी साइडचं उदाहरण काढतं. शाळेपासूनच्या मित्रांनी मिळून घेतलेला घोडा, २००३ मध्ये केंटकी डर्बी जिंकला, मालक मंडळी शाळेच्या पिवळ्या बसनं रेसकोर्सवर आली. गोष्ट सुंदर आहेच. पण मला वेल्समधला ड्रीम अलायन्स जास्त आवडतो. गावातले तेवीसजण, आठवड्याला प्रत्येकी दहा पौंड. २००८ मध्ये इंग्लंडमधल्या एंट्री (Aintree) रेसकोर्सवर त्याचं टेंडन जायबंदी झालं. मूळपेशींचा उपचार केला आणि मग मंडळी थांबली. २००९ च्या डिसेंबरमध्ये तो वेल्श ग्रँड नॅशनल ही मोठी शर्यत जिंकला. ही गोष्ट सांगताना लोक उपचार आणि विजय सांगतात. मधले महिने कोणी सांगत नाही. त्या महिन्यांतही त्या तेवीस जणांनी हप्ते भरलेच असणार, आणि त्यांच्यातही कोणीतरी "कधी पळणार?" विचारत असणारच.

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. याआधी मी एका दुसऱ्या सिंडिकेटमध्ये होते. तिथे दर आठवड्याला निरोप यायचा: सगळे घोडे झकास, सगळे भरात. एकाचंही पोट बिघडायचं नाही, एकाचीही नडगी दुखायची नाही. आणि मग अचानक एखाद्याचं नाव यादीतून गायबच. सध्याचे ट्रेनर बोलायला रुक्ष आहेत, फोटो वाकडे पाठवतात, पण चंदी किती उरली ते सांगतात.

तर सध्या पहिली शर्यत आजोबांचीच होणार असं दिसतंय. दहा फर्लांगांच्या एका हँडिकॅपमध्ये (घोड्याच्या कुवतीप्रमाणे पाठीवरचं वजन ठरवतात अशा शर्यतीत) नाव घातलंय, वजनही झेपण्याजोगं मिळेलसं वाटतं. अडचण मैदानाची आहे. बरेच दिवस पाऊस नाही, जमीन कडक आहे, आणि या वयाच्या पायांना कडक जमिनीवर उतरवायला ट्रेनर तयार नाहीत. आदल्या दिवसापर्यंत पाऊस झाला नाही तर नाव काढून घेणार. त्यामुळे ग्रुपवर "कधी पळणार?" बंद झालंय आणि सगळे एकमेकांना ढगांचे नकाशे पाठवतायत. चौघांची चार वेगवेगळी अॅप आहेत. त्यातल्या दोघांच्या मते शुक्रवारी पाऊस पडणार आहे.