विमान इंदूरला, बिल तीन तारखेचं

तीन फेब्रुवारीच्या रात्री अकरा चाळीसला आमचं विमान इंदूरला हँगरमध्ये होतं. वॉचमनच्या वहीत नोंद आहे, पायलटच्या जर्नी लॉग बुकात नोंद आहे. तरीही त्याच तारखेला, त्याच मिनिटाला ते दुसऱ्या एका शहरात उतरलं असं सांगणारं पार्किंगचं बिल माझ्या टेबलावर आठ महिने पडून होतं. ते दुरुस्त करून घेताना मला जे शिकावं लागलं ते लिहून ठेवते आहे. विमानतळांची बिलं भरणाऱ्या लहान ऑपरेटरला हे कुणीच बसवून सांगत नाही.

आमची चार्टर कंपनी छोटी आहे. एक किंग एअर बी-२००, तीन पायलट, दोन इंजिनिअर, आणि हिशेबापासून परवानग्यांपर्यंतचे सगळे कागद माझ्याकडे. ऑफिस एरोड्रम रोडला, बिजासन टेकरीच्या अलीकडे. होळकर संस्थानानं १९३५ साली विमानतळासाठी बिजासनची जागा निवडली, तेव्हापासून या रस्त्याचं नाव विमानांशी जोडलेलं आहे. ज्या विमानतळाशी माझं वाजलं तो इंदूरचा नाही. नाव लिहीत नाही, कारण आमचं विमान तिथं आजही उतरतं.

तिथं खातं उघडणं, डिपॉझिट भरणं, वजनाचा दाखला देणं हे सगळं एका आठवड्यात झालं होतं. बिलं महिन्याला येत, मी भरत असे. विमान लहान, त्यामुळे एका फेरीचं पार्किंग शेकड्यांतच असायचं. एवढ्या रकमेकडे कोण निरखून बघणार? मीही वर्षभर बघितलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आमच्या ऑडिटरनं ते पकडलं. चार फेब्रुवारीला पहाटे आम्ही एक पेशंट दिल्लीला हलवला होता. विमान इंदूरहून निघून वादातल्या त्या विमानतळावर पाच दहाला उतरलं, पेशंटला स्ट्रेचरवर चढवून सात वीसला उडालं. ऑडिटर म्हणाले, लॉग बुकात चार तारीख आहे, बिलात तीन. ही कुठली फेरी? हा खर्च मी मान्य करणार नाही. बिलावर उतरल्याची वेळ होती तीन तारीख २३:४०, उडाल्याची चार तारीख ०७:२०. म्हणजे सात तास चाळीस मिनिटं मुक्काम. प्रत्यक्षात विमान तिथं होतं दोन तास दहा मिनिटं.

तेव्हा पहिल्यांदा मी दरपत्रक मुळापासून वाचलं. दराचा तक्ता सगळेच बघतात. खरी गोष्ट असते तक्त्याखालच्या बारीक टिपांमध्ये. पार्किंगचे पहिले दोन तास फुकट असतात. त्याशिवाय धावपट्टीवरून पार्किंगला येण्याचे १५ मिनिटं आणि परत जाण्याचे १५ मिनिटं धरायचे असतात. म्हणजे चाकं टेकल्यापासून उडेपर्यंत अडीच तास झाले तरी पार्किंग शून्य. त्यापुढे तासाचा तुकडा असला तरी पूर्ण तास. वजन जवळच्या टनापर्यंत धरतात, त्यामुळे आमचं ५,६७० किलोचं विमान ६ टनांचं होतं. हे नियम मला मान्य आहेत. पण त्याच नियमानं त्या पहाटेचं बिल शून्य यायला हवं होतं, आणि आलं होतं सहा तासांचं.

(याच टिपांमध्ये एक ओळ आहे जिच्यामुळे मला रात्रभर झोप आली नाही. बहुतेक दरपत्रकांत ८० पेक्षा कमी आसनांच्या विमानाला लँडिंगचे पैसे माफ असतात, पण ते नियमित सेवा देणाऱ्या देशांतर्गत कंपनीचं असेल तरच. शिवाय हेलिकॉप्टरना माफ आणि मान्यताप्राप्त फ्लाइंग स्कूलच्या विमानांना माफ. म्हणजे ७८ आसनांचं एटीआर विमान फुकट उतरतं आणि आमचं आठ-नऊ आसनांचं पैसे भरून. लहान शहरांना विमान मिळावं हा त्यामागचा हेतू मला कळतो. पेशंट घेऊन जाणाऱ्या विमानालाही तो लागू व्हावा असं मला मनापासून वाटतं.)

मी ईमेल केला. उत्तर नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा केला. एक ओळ आली: वेळ टॉवरच्या नोंदीप्रमाणे आहे. टॉवरला, म्हणजे विमानांना उतरण्या-उडण्याची परवानगी देणाऱ्या कक्षाला, फोन लावला तर तिथले साहेब सभ्यपणे म्हणाले की आम्ही फक्त नोंदी पाठवतो, बिलाचं कमर्शियल सेक्शनला विचारा. कमर्शियलवाले म्हणाले, अकाउंट्सला विचारा. अकाउंट्समधल्या मुलाचं एकच वाक्य: "मॅडम, सिस्टम से जो निकला है, वही है." मे गेला, जून गेला.

जुलैत एका रविवारी रामबागेत मामांकडे गेले होते. मामा टॉवरमध्ये एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. जेवण झाल्यावर पर्समधून बिल काढून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला आणि रकमेकडे न बघता वेळेच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"अगं, यातला झेड कुठाय?"

"कसला झेड, मामा?"

"टॉवरची नोंद यूटीसीत, म्हणजे जागतिक वेळेत असते. जगात कुठंही जा, टॉवरमध्ये एकच घड्याळ. आकड्याच्या मागे झेड लावतात, झुलू म्हणतात त्याला. २३:४० झुलू म्हणजे आपले पहाटेचे पाच दहा, दुसऱ्या दिवशीचे. साडेपाच तास मिळव की."

मी मिळवले. पाच दहा. पण मग ०७:२० कुठून आलं? ती तर आपलीच वेळ होती. मामा म्हणाले, "उडाल्याची वेळ टॉवरची नाही दिसत. एप्रनवर, म्हणजे पार्किंगच्या जागी, विमानाला खुणा करून उभं करणाऱ्या मार्शलरचं रजिस्टर असतं, तो भिंतीवरचं घड्याळ बघून लिहितो."

घरी येऊन वर्षभराची सगळी बिलं काढली. त्या विमानतळाच्या अकरा फेऱ्या होत्या. अकराही ओळींमध्ये मुक्काम खऱ्यापेक्षा बरोबर साडेपाच तासांनी जास्त होता. एकही मिनिट इकडेतिकडे नाही. उतरताना टॉवरचं घड्याळ आणि उडताना भिंतीचं, आणि दोन्ही आकडे शेजारी लिहिलेले, कुठलं कुठलं ते न सांगता. त्या रात्री मला राग आला आणि आनंदही तेवढाच झाला, कारण आता माझ्याकडे तक्रार नव्हती, गणित होतं.

एका कागदावर तक्ता केला: बिलातली वेळ, लॉग बुकातली वेळ, फरक. पाठवला. ऑगस्टअखेर सुधारित बिल आलं. मी पाकीट उभ्यानंच फाडलं. तारीख आता चार होती. उतरल्याची वेळ ०५:१०, अगदी बरोबर. आणि उडाल्याची वेळ १२:५०. त्यांनी दोन्ही आकड्यांत साडेपाच तास मिळवले होते! मुक्काम पुन्हा सात तास चाळीस मिनिटं, रक्कम पैशासकट तीच. सोबत थकबाकीवरच्या व्याजाची ओळ.

रक्कम भरून मोकळी का झाले नाही, असं आमच्या सरांनीही विचारलं. वादाची रक्कम खरंच मोठी नव्हती. पण ती थकबाकी म्हणून खात्यावर दिसत होती, आणि थकबाकी आहे म्हणून नो ड्यूजचं पत्र मिळत नव्हतं, आणि ते पत्र नाही म्हणून तिथल्या नाइट पार्किंगची परवानगी पुढे वाढत नव्हती. विमान दर वेळी रिकामं इंदूरला परत आणावं लागत होतं. तेलाचा तो खर्च बिलाच्या कितीतरी पट होता. शिवाय भरलं असतं तर बारावी फेरीही तशीच लागली असती. इथे एक सांगते: वाद नसलेली रक्कम वेळेवर भरा आणि सोबत पत्र द्या की अमुक ओळीवर हरकत राखून भरणा केला आहे. मी हे जूनपासून केलं, फेब्रुवारीपासून करायला हवं होतं.

ऑक्टोबरात मी स्वतः गेले. नवरात्र होतं, बिजासनच्या जत्रेनं एरोड्रम रोड भरून वाहत होता, त्यातून कशीबशी रिक्षा काढून रात्रीची बस पकडली. सकाळी दहाला कमर्शियलच्या खिडकीशी उभी. साहेब मीटिंगमध्ये. बारा वाजले. जेवणाची सुट्टी. तीनला आत बोलावलं. साहेब म्हणाले, दर आम्ही ठरवत नाही. ते खरंच होतं. वर्षाला ३५ लाखांवर प्रवासी असलेल्या मोठ्या विमानतळांचे दर एरा हे नियामक प्राधिकरण ठरवतं. २००८ च्या कायद्यात ही मर्यादा १५ लाख होती, २०१९ मध्ये ती वाढवली. मोठ्या विमानतळांचे दर पाच-पाच वर्षांसाठी ठरतात, आधी मसुदा निघतो, वापरणाऱ्यांच्या हरकती मागवतात. लहान विमानतळ त्या कक्षेबाहेर. पण मी दरावर वाद घालायला आलेच नव्हते. दर बरोबर होता, घड्याळ चुकलं होतं. हे त्यांना चार वेळा सांगितलं. चौथ्यांदा माझा आवाज चढला.

शेवटी उपयोगी पडली एक पावती. तो विमानतळ सकाळी सात ते रात्री आठ चालतो. त्याबाहेर उतरायचं तर आधी अर्ज करून वॉच एक्स्टेंशन घ्यावं लागतं, त्याचे वेगळे पैसे. त्या पहाटेसाठी आम्ही ते घेतलं होतं आणि पावतीवर त्यांच्याच शिक्क्यासह छापलं होतं: चार फेब्रुवारी, ४:३० ते ७:००, भारतीय वेळ. मी पावती आणि पहिलं बिल शेजारी ठेवलं आणि विचारलं, "सर, तीन तारखेला रात्री २३:४० ला टॉवरमध्ये कोण होतं?"

साहेबांनी दोन्ही कागद बराच वेळ बघितले. मग फोन उचलला आणि अकाउंट्सच्या त्या मुलाला वर बोलावलं. मार्शलरचं रजिस्टर मागवलं. पहिल्याच पानावर सगळं स्पष्ट झालं. तो मुलगा मला म्हणाला, "दीदी, आप पहले ये पर्ची भेज देतीं." मला पाठवायला सुचलं नव्हतं. तुम्ही पाठवा. वॉच एक्स्टेंशनची पावती कधीही टाकू नका, आणि हरकत घेताना रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स लेखी मागा.

तरीही क्रेडिट नोट, म्हणजे बिलातली जादा रक्कम वजा करणारा कागद, लगेच निघाली नसती. तिथं मी जीएसटीचा मुद्दा काढला. बिलावर १८ टक्के जीएसटी असतो. गेल्या आर्थिक वर्षातल्या बिलाची क्रेडिट नोट ३० नोव्हेंबरपर्यंत विवरणपत्रात दाखवली नाही, तर त्यांना तो कर कमी करून घेता येत नाही. म्हणजे उशीर झाला तर नुकसान त्यांचं. ही तारीख ऐकल्यावर अकाउंट्समध्ये जी हालचाल झाली ती आठ महिन्यांत झाली नव्हती.

बारा नोव्हेंबरला अकरा फेऱ्यांची क्रेडिट नोट आली, व्याज रद्द. आठवड्यानं नो ड्यूजचं पत्र. जोडपत्रात प्रत्येक वेळेमागे आता आयएसटी, म्हणजे भारतीय वेळ, छापलेलं आहे. ते बघून मला फार अभिमान वाटला आणि मी ते पान मामांना दाखवायला त्याच संध्याकाळी रामबागेत घेऊन गेले.

आणखी एक. वजनाचा दाखला वर्षातून एकदा स्वतःहून पुन्हा द्या, नाहीतर जुन्या नोंदीवरचं वजन लागत राहतं. आणि आपलं एक रजिस्टर ठेवा, त्यात दोन रकाने: यूटीसी आणि आपली वेळ. पायलट उतरल्याबरोबर मला मेसेज करतात, मी दोन्ही लिहिते.

त्या विमानतळावर जाणाऱ्या आणखी दोन ऑपरेटरना फोन केला. एकाच्या बिलांत तेच साडेपाच तास निघाले. त्याला माझा तक्ता आणि पावतीचा नमुना पाठवला आहे. दुसरा अजून जुनी बिलं शोधतो आहे.